एकटीसाठी कशाला गॅस जाळायचा?

नगर रस्त्यावर कोरेगाव भीमाला माझा दवाखाना आहे. सगळ्यांचे डबे गेले, मुले शाळेत गेली, की दुपारी बाराच्या सुमारास घरच्या बायका येतात. सासूबाईंना दाखवायला, मुलाचा खोकला सांगायला. स्वतःचे दुखणे त्या उठता उठता सांगतात.

गेल्या पावसाळ्यात अशाच एक बाई आल्या होत्या. वय अडतीस. सासूबाईंचे औषध लिहून झाल्यावर म्हणाल्या, "डॉक्टर, जिना चढला की मला धाप लागते." खालची पापणी ओढून पाहिली तर आतून पांढरीफटक. रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.२ आले. बाईमाणसाचे ते निदान १२ तरी असायला हवे.

सकाळपासून काय खाल्ले, असे विचारले. पहाटे साडेचारला उठून त्यांनी मालकांचा डबा केला होता. ते सणसवाडीला कंपनीत आहेत. दोन मुलांचे डबे, सासू-सासऱ्यांची न्याहारी, मटकीची उसळ, चपात्या, म्हाताऱ्यांसाठी भाकरी. सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि तुम्ही?"

"मी चहा-खारी खाल्ली. दुपारी राहिलेलं असतं थोडं काहीतरी. आता एकटीसाठी कशाला गॅस जाळायचा?"

वाचकहो, हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकले आहे की आता ते मला रोगाच्या लक्षणासारखे वाटू लागले आहे. सहा माणसांचा सकस स्वयंपाक रोज करणारी बाई आजारी पडते ती अन्न नाही म्हणून नव्हे. तिच्या हातचे अन्न तिच्या ताटात येत नाही म्हणून. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांमागे सुमारे ५४ जणींना रक्तक्षय, म्हणजे आपण ज्याला अ‍ॅनिमिया म्हणतो तो आढळला. त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ होता.

रक्त वाढवायचे म्हटले की लोक बीट आणतात. लाल म्हणून रक्त वाढवणारे, असा आपला साधा हिशेब. प्रत्यक्षात १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसते. गुळात ते आहे, पण आपण गूळ खातो तो खडाभर. आपल्याकडे लोहाचा खरा साठा पडून आहे तो पिठाच्या डब्यात. १०० ग्रॅम बाजरीत साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते, ज्वारीत सुमारे ४, आणि पांढऱ्या तांदळात पाऊणही नाही. मटकी, मसूर, हुलगा हेही या बाबतीत श्रीमंत. शिरूर तालुक्याला बाजरी काही परकी नाही. पण हल्ली ती म्हाताऱ्यांसाठी आणि संक्रांतीपुरती राहिली आहे.

भाकरीने खरेच फरक पडतो का, याची तपासणी आपल्या शेजारीच झाली आहे. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात १२ ते १६ वर्षांच्या २४६ शाळकरी मुलामुलींना सहा महिने रोज दोन वेळा बाजरीची भाकरी देण्यात आली. काहींना नेहमीच्या बाजरीची, काहींना 'धनशक्ती' या जास्त लोह असलेल्या वाणाची. हे वाण इक्रिसॅट या संस्थेने राहुरीच्या कृषी विद्यापीठाबरोबर तयार केले आणि २०१२ मध्ये ते महाराष्ट्रात आले. ज्यांनी धनशक्ती खाल्ली त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा चार महिन्यांतच दुसऱ्या गटापेक्षा जास्त भरला. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध नाही, टॉनिक नाही. रोजची भाकरीच, फक्त बाजरी निवडून घेतलेली.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ८.२ हिमोग्लोबिन नुसत्या भाकरीने वर येत नाही. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे असे आपल्या पोषणतज्ज्ञांचे मानक आहे, आणि दोन भाकऱ्यांतून मिळते ते फार तर नऊ-दहा. शिवाय धान्यातले लोह शरीर पुरतेपणी शोषून घेत नाही. म्हणून मी त्या बाईंना गोळ्या दिल्याच. पाळीत अंगावरून जास्त जाते का, हेही विचारले, आणि जात होते. तेव्हा त्यासाठी वेगळी तपासणी लिहून दिली. जेवण सुधारून ही गळती थांबत नाही, हे मुद्दाम लक्षात ठेवावे.

मग स्वयंपाकाची गोष्ट काढली. मी त्यांना नवे काहीच सांगितले नाही. पहिली भाकरी आपली म्हणून बाजूला काढून फडक्यात ठेवायची. उसळ मुलांना वाढण्याआधी एक वाटी आपली झाकून ठेवायची. दुपारी गॅस पेटवायचाच, पण पंधरा मिनिटांसाठी. तेवढ्यात पिठले होते, मेथी किंवा तांदुळजा परतून होतो. लोखंडी तवा-कढई असेल तर तीच वापरावी, अन्नात थोडे लोह उतरते. वर अर्धे लिंबू पिळावे. लिंबू, आवळा, पेरू यांतल्या क जीवनसत्त्वामुळे धान्यातले लोह अंगी लागायला मदत होते.

चहाचे मात्र उलटे. जेवणाबरोबरचा चहा लोह अडवतो. म्हणून जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर चहा नको. माझ्या या पेशंट लोहाची गोळी चक्क चहाबरोबर घेणार होत्या, "म्हणजे विसरायला होत नाही." गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबरही घेऊ नये. संडास काळी होते, त्याने घाबरू नये. आणि बाजरीचे पीठ आठवड्याला पुरेल एवढेच दळून आणावे. बाजरीत स्निग्धांश जास्त असल्याने पीठ लवकर कडू होते, आणि मग घरातले म्हणतात बाजरीच नको.

हे दुखणे बायकांपुरतेच आहे असेही नाही. मराठवाड्यातून आलेला एक पोरगा इथे खोली घेऊन राहतो, रात्रपाळी करतो. पोटात जळजळ म्हणून महिन्यातून दोनदा यायचा. पाळी सुटली की नाक्यावर वडापाव आणि दोन चहा, मग झोप. उठल्यावर पुन्हा तेच. "एकट्यासाठी भांडी कोण घासणार, सर?" जवळजवळ तेच वाक्य! त्याला म्हटले, एक छोटा कुकर घे, भांडे एकच घासायचे. वाटीभर तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, मूठभर शेंगदाणे, हाताला लागेल ती भाजी, चार वाट्या पाणी. मीठ बेताने, दिवसाला सगळे मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा पुरे. अंडे खात असशील तर दोन उकडून घे. खिचडी शिजेपर्यंत अंघोळ होते. जेवून लगेच आडवा होऊ नकोस. जळजळीच्या गोळ्या त्याला अजून अधूनमधून लागतात, पण महिन्यातून दोनदा येणे थांबले आहे. मध्यंतरी तो स्वतःच सांगत होता की शेजारच्या खोलीतले दोघे आता त्याच्या कुकरला वर्गणी देतात.

त्या बाई दोन महिन्यांनी आल्या. हिमोग्लोबिन १०.४. जिन्याची धाप कमी होती. घरात पहिल्या दिवशी थोडी कुजबुज झाली म्हणे, आधी स्वतःची भाकरी काढून ठेवते म्हणून. मग सासूबाईच म्हणाल्या, "ठेवू दे, आमच्या वेळी कुणी सांगितलं नाही." आता कुणाकुणाच्या रात्रपाळीचे ताट झाकून असते, तसे यांचेही दुपारचे ताट ओट्यावर झाकलेले असते.

"आता गोळ्या बंद करू का?" असे त्यांनी विचारले. नाही. हिमोग्लोबिन १२ च्या वर गेल्यानंतरही शरीराचा रिकामा झालेला साठा भरायला साधारण आणखी तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. त्यांना पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली आणि सासूबाईंचेही रक्त तपासायला घेतले.