वाफेचा जमाखर्च

पंढरपूर तालुक्यातील करकंब येथे, विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखान्याच्या दुसऱ्या युनिटाच्या गव्हाणीत मोळी पडून गळीत हंगाम सुरू झाला, की पंचक्रोशीत उसाच्या दराची आणि उताऱ्याची चर्चा सुरू होते. परंतु ज्या उष्णतेच्या बळावर साखर तयार व्हावयाची तिचा जमाखर्च मात्र क्वचितच कोणी विचारतो.

साखर कारखाना हा मूलतः पाणी आटवण्याचा उद्योग आहे. शंभर किलो रसात विद्राव्य पदार्थ १५ किलोच्या आसपास. त्याचा साठ टक्क्यांचा पाक करावयाचा म्हणजे ७५ किलो पाण्याची वाफ करणे प्राप्त होते. एक किलो पाणी शून्य अंशापासून उकळीस आणावयास १०० किलोकॅलरी पुरतात, पण त्या उकळत्या पाण्याची वाफ करावयास आणखी ५४० लागतात, आणि ही सुप्त उष्णता वाफेबरोबरच निघून जाते. गुऱ्हाळाच्या काहिलीवरून उठणाऱ्या पांढऱ्या लोटातून चुलाणातील चिपाडाची कमाई अशीच आकाशात जात असते.

न्यू ऑर्लिन्स येथे जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये शिकलेल्या नॉर्बर्ट रिलियू यांनी १८४३ साली पेटंट घेतलेल्या यंत्रात ही वाफ अडवली. रसाची बंद पात्रे एकापुढे एक जोडून, पहिल्या पात्रातील रसाची वाफ दुसऱ्यातील रस तापवण्यास आणि दुसऱ्यातील तिसऱ्यास अशी ती योजना. मात्र पुढच्या प्रत्येक पात्रात दाब उतरता ठेवावा लागतो, म्हणजे तेथील रस कमी तापमानासही उकळतो, इतका की शेवटच्या, जवळजवळ निर्वात पात्रात तो ५५ अंशांच्या सुमारास खळखळू लागतो. अशी चार पात्रे असली, तर ७५ किलो पाणी उडवण्यास बॉयलरकडील सुमारे १९ किलो वाफ पुरते. विज्ञानाने काटकसरीस दिलेली इतकी सुंदर देणगी मला दुसरी ठाऊक नाही.

एका बाबतीत मात्र गुऱ्हाळ पुढे आहे: तेथे चिपाड उन्हात वाळवून मग जाळतात. कारखान्याचा बगॅस शेवटच्या मिलमधून निघतो तो निम्मा पाण्याने भिजलेला, आणि तसाच बॉयलरमध्ये गेल्यामुळे त्याच्या उष्णतेचा बराच भाग स्वतःस वाळवण्यातच खर्ची पडतो. धुराड्यातून वाया जाणाऱ्या उष्ण वायूंनी तो आधी वाळवण्याची तजवीज करणे, हे माझ्या मते अग्रहक्काचे काम आहे.

पूर्वी उसाच्या वजनाच्या निम्मी वाफ लागे; आता उत्तम कारखान्यांत ती ४० टक्क्यांच्या खाली आली आहे. शिवाय जुन्या बॉयलरांत दाब चौरस सेंटिमीटरला २१ किलो असे, तो नव्यांत ८७ ते ११० पर्यंत गेल्यामुळे वाफ आधी टर्बाइन फिरवून मुबलक वीज देते आणि मगच रसाकडे जाते. बगॅस जळताना निघणारा कार्बन उसाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो. याउलट याच सोलापूर जिल्ह्यात एनटीपीसीचे १३२० मेगावॅटचे केंद्र दगडी कोळशावर चालते. म्हणूनच वाफ वाचवून शिल्लक राहिलेल्या बगॅसवर, गळीत आटोपल्यानंतर, भर उन्हाळ्यात विजेची मागणी वाढलेली असताना टर्बाइन जितके दिवस चालेल, तितके दिवस तेवढ्या विजेपुरता कोळसा जाळावा लागत नाही.