दही व फळांचे शीतपदार्थ

दही व फळांचे शीतपदार्थ : दही आणि पिकलेल्या फळांचा गर एकत्र घुसळून, थंड करून किंवा गोठवून तयार केलेली गोड खाद्यपेये. श्रीखंड, आम्रखंड, फळांची लस्सी, फ्रोझन योगर्ट या नावाने विकले जाणारे गोठविलेले दही आणि स्मूदी म्हणून ओळखले जाणारे दाट फलपेय यांचा त्यांत समावेश होतो. मलईयुक्त आइसक्रीम व खव्याची मिठाई यांच्या तुलनेने हे पदार्थ हलके व पथ्यकर मानले जातात. ही समजूत अंशतःच खरी आहे. दही व फळे हे दोन्ही घटक हितकर असले, तरी त्यांत वरून किती साखर पडते यावर पदार्थाचे पथ्यकारकत्व अवलंबून असते.

दह्यात साखर मिसळून केलेले पक्वान्न भारतात प्राचीन काळापासून परिचित आहे. संस्कृत वैद्यक व पाकविषयक ग्रंथांत त्याचा उल्लेख रसाला किंवा शिखरिणी या नावांनी आढळतो. महाराष्ट्रात दुधात केळी कुस्करून करतात त्या शिकरणीचे नावही याच शब्दावरून आले आहे. परदेशातून आलेल्या स्मूदीशी शिकरणीचे साम्य उघड आहे. फरक मुख्यतः विजेच्या घुसळणयंत्राचा व नावाचा. फ्रोझन योगर्टचा व्यापारी प्रसार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७० च्या दशकात सुरू झाला. त्याची मूळची आंबट चव ग्राहकांना फारशी रुचली नाही. पुढे ते अधिक गोड करण्यात आले आणि १९८० च्या दशकात त्याचा खप झपाट्याने वाढला. आरोग्यदायी म्हणून पुढे आलेला पदार्थ लोकप्रिय होताना साखरेकडे कसा झुकतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

साखरेचे कार्य : अशा पदार्थांत साखर केवळ हौसेने घातली जात नाही. दुग्धाम्ल तयार करणारे जंतू दुधातील दुग्धशर्करेच्या काही भागाचे अम्लात रूपांतर करतात. त्यामुळे दही आंबट होते व ती आंबटी झाकण्यास गोडीची गरज पडते. दुसरे कारण थंडपणाचे. जीभ थंड झाली की तिला गोडी कमी जाणवते. म्हणून वितळलेले आइसक्रीम गोठलेल्यापेक्षा अधिक गोड लागते. तिसरे कारण भौतिकीय आहे. साखर विरघळल्याने मिश्रणाचा गोठणबिंदू खाली येतो, बर्फाचे स्फटिक लहान राहतात आणि पदार्थ मऊ होतो. बिनसाखरेचे दही तसेच गोठविल्यास त्याचा दगडासारखा गोळा बनतो. यावरून साखर कमी करण्याचे मार्गही स्पष्ट होतात : दही फार आंबू न देणे, पदार्थ अति थंड न करणे आणि मऊपणासाठी मगजदार फळाचा उपयोग करणे.

गोंदिया जिल्ह्यातील फळे : १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात भातशेतीबरोबरच विस्तीर्ण वनक्षेत्र आहे. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव इ. तालुक्यांतील वनांत चार, टेंभुर्णी, बेल, जांभूळ व सीताफळ ही झाडे आढळतात. चाराच्या बियांतील मगज म्हणजेच श्रीखंडावर पेरली जाणारी चारोळी होय. चाराचे लहान, काळपट, आंबटगोड फळ शहरी बाजारात फारसे पोहोचत नाही. वनालगतच्या गावांतील मुले मात्र उन्हाळ्यात ते आवडीने खातात. मोहाच्या वाळलेल्या फुलांत शर्करेचे प्रमाण पुष्कळ असल्याने गोडीसाठी तीही वापरली जातात.

मे महिन्यात येथील तापमान ४५° से. च्या आसपास जाते. अशा उष्णतेत विरजण काही तासांतच लागते आणि पुढे दही वेगाने आंबत जाते. दुपारी आंबटढाण झालेल्या दह्याची लस्सी करताना पेल्यामागे साखरेचे दोन-तीन चमचे सहज जास्त पडतात. म्हणून विरजण रात्री उशिरा लावून, दही लागताच ते शीतकपाटात किंवा ओल्या वाळूवरील मातीच्या भांड्यात ठेवणे हा साखर वाचविण्याचा सर्वांत सोपा उपाय आहे. बेल व टेंभुर्णी ही फळे याच दिवसांत पिकतात. बेलाचा गर चिकट व सुगंधी असल्याने तो गाळून ताज्या दह्यात मिसळल्यास पेय आपोआप दाट होते. पावसाच्या आरंभी येणाऱ्या जांभळाचा गर तुरट असतो. तो थोडाच वापरावा लागतो, परंतु रंग सुरेख येतो.

सीताफळ या कामासाठी सर्वांत उपयुक्त ठरते. त्याच्या १०० ग्रॅ. गरात सुमारे २० ते २४ ग्रॅ. कर्बोदके असून त्यांपैकी बहुतेक शर्करा असतात; गर मुळातच रवाळ व लोण्यासारखा असल्याने दोन भाग दह्यात एक भाग गर घुसळून गोठविल्यास वरून साखर न घालताही पदार्थ पुरेसा गोड व मऊ होतो. हे फळ पावसाळा संपल्यानंतर येते व पिकल्यावर दोन-तीन दिवसांतच खराब होते. त्याचा गर तापविल्यास कडवटपणा येतो. त्यामुळे आंब्याप्रमाणे आटवून किंवा डबाबंद करून तो टिकविणे अवघड जाते. गोठविणे हाच त्याच्या साठवणीचा चांगला मार्ग होय. −१८° से. तापमानास ठेवलेला गर काही महिने टिकतो आणि हिवाळ्याच्या तोंडावरचे फळ उन्हाळ्यात उपलब्ध होते. हवेच्या संपर्काने गर काळपट-गुलाबी पडू लागतो. दह्यातील अम्लामुळे ही क्रिया मंदावते. बिया मात्र काळजीपूर्वक काढल्या पाहिजेत. त्या विषारी असून घुसळणयंत्रात भरडल्या गेल्यास त्यांतील द्रव्ये पेयात उतरतात. हाताने गर चाळणीवर घासून बिया वेगळ्या करणेच सुरक्षित ठरते. पुष्कळ घरांत हा धोका ठाऊक नसतो.

आहारमूल्य : भारतीय मानकांनुसार श्रीखंडात एकूण घन पदार्थ किमान ५८ टक्के असावे लागतात आणि शुष्क भाराच्या ७२.५ टक्क्यांपर्यंत साखर चालते. म्हणजे किमान घन पदार्थ असलेल्या १०० ग्रॅ. श्रीखंडात सुमारे ४२ ग्रॅ. साखर असू शकते व तिच्यापासूनच १६८ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केलेल्या शिफारशीनुसार मुक्त शर्करेपासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, शक्य तर ५ टक्क्यांहून कमी असावी. २,००० किलोकॅलरींच्या आहारात हे प्रमाण अनुक्रमे ५० व २५ ग्रॅ. येते. सणाच्या पानावरील दोन वाट्या श्रीखंडाने ही मर्यादा ओलांडली जाते. सणाला ते चालून जाईल. रोजचे पथ्य म्हणून ते खाणे मात्र योग्य नव्हे. फळांचा गाळलेला रस व मध यांतील शर्कराही मुक्त शर्करेतच मोजतात. स्मूदीत फळाचा चोथा कायम राहत असल्याने ती रसापेक्षा बरी. तरीही चावून खाल्लेल्या फळाइतकी ती पोट भरत नाही आणि एका पेल्यात तीन-चार फळे नकळत संपतात. मधुमेही व्यक्तीने हे विशेष ध्यानात घ्यावे.

दह्यातील प्रथिने व कॅल्शियम गोठविल्याने नष्ट होत नाहीत. उपकारक जंतूंपैकी काही मरतात, बरेचसे सुप्तावस्थेत टिकून राहतात. दुग्धशर्करा न पचणाऱ्या पुष्कळ लोकांना दुधापेक्षा दही अधिक सोसते.

दही उकळलेल्या दुधाचेच लावावे. उन्हाळ्यात रस्त्यावरील पेयांत घातला जाणारा बर्फ अशुद्ध पाण्याचा असल्यास अतिसार, कावीळ इ. रोग संभवतात, कारण गोठविल्याने रोगजंतू नष्ट होतात असे नाही. वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित होऊन वितळलेला गर पुन्हा गोठवू नये. थंड असतानाच तो वापरून टाकावा.