मजुरी करून मिळविलेली कृषिविद्या

औरंगपुऱ्याच्या मंडईंत मक्याचीं कणसें दिसलीं कीं आम्हांस डॉ. पांडुरंग खानखोजे यांचें स्मरण होतें. वर्ध्याच्या या तरुणानें अमेरिकेंत मजुरीवर पोट भरून ऑरेगन व वॉशिंग्टन राज्यांतील महाविद्यालयांत कृषिशास्त्र शिकलें. गदर चळवळींत पडल्यानें इंग्रजी अमलांत स्वदेशीं परतणें अशक्य झालें; तेव्हां १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोंत, म्हणजे मक्याच्या माहेरींच, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयांत प्राध्यापक झाले. मक्याच्या सुधारित जातींवर त्यांनीं पुष्कळ प्रयोग केले. परंतु तेथील गरीब शेतकऱ्यांसाठीं त्यांनीं काढलेल्या मुक्त शेतकीशाळा आम्हांस अधिक मोलाच्या वाटतात. तशी एखादी शाळा त्या काळीं मराठवाड्यांत निघती तर! स्वातंत्र्यानंतर ते परतले, तोंवर उमेदीचीं वर्षें सरलीं होतीं. १९६७ सालीं नागपुरास त्यांचें निधन झालें.