रुसलेला मुलगा वाशीमला आला तेव्हा

राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त एका भटकंतीची गोष्ट आहे. सरस्वती ब्रह्मदेवाच्या सभेला निघाली आणि मुलाला सोबत न्यायला तयार होईना, म्हणून तिचा मुलगा काव्यपुरुष रुसून घराबाहेर पडला. त्याचा जिवलग कार्तिकेय रडायला लागला. तेव्हा गौरीने साहित्यविद्या नावाची एक वधू घडवली आणि तिला त्याच्या मागावर धाडलं. पूर्वेकडच्या देशांत ती तिथल्यासारखी नटली, नाचली, बोलली, हा ढिम्म. पांचालात तो थोडा निवळला, अवंतीत आणखी थोडा. दक्षिणेत आल्यावर मात्र विरघळला, आणि विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात दोघांचा गांधर्व विवाह झाला.

वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम.

दिवाळीच्या सुट्टीत मुद्दाम वाशीमला फिरायला जाणारं कुटुंब मात्र सहसा भेटत नाही. गाड्या शेगावला थांबतात, लोणारला थांबतात, अजिंठ्याला जातात. वाशीम लागतं ते वाटेत, चहापुरतं. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा अनेकांना सोयाबीनच्या भावाच्या बातमीतच भेटतो.

राजशेखर इसवी सन 900च्या आसपासचा, कनोजच्या दरबारातला. त्याच्या गोष्टीत प्रेक्षणीय स्थळांची यादी नाही. दर मुक्कामावर तो तीनच गोष्टी टिपतो: माणसं वेश कसा करतात, नाचतात कशी आणि बोलतात कशी. सुट्टीवर निघालेल्या लिहित्या किंवा रंगवत्या माणसाला यापेक्षा नेमकं टाचण क्वचितच कुणी दिलं असेल. शिवाय वाशीमची निवड त्याने उगाच केलेली नाही. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन स्वतः कवी होता. त्याचं ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आज हरवलं आहे. नंतरच्या साहित्यशास्त्रकारांनी उद्धृत केलेले तुकडे तेवढे उरले. त्याचा विषय रुसलेल्या सत्यभामेसाठी कृष्णाने आणलेला पारिजात. वाशीमच्या वाट्याला रुसवेच फार आलेले दिसतात! प्राकृत काव्यातल्या एका शैलीला तर या गावावरून ‘वच्छोमी’ असं नावच पडलं.

आणि ज्या अजिंठ्याकडे सगळे पळतात, त्याचं सोळावं लेणं कोरवून घेणारा वराहदेव हा वत्सगुल्म शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री. त्याच अजिंठ्याला 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली हिवाळ्यात मुक्कामाला जात आणि भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करत. हे काम 1885 पर्यंत चाललं. त्यातल्या बऱ्याच नकला पुढे लंडनला आगीत गेल्या, पण एकेका बोटाची वळणं उतरवताना हाताला जे वळण लागलं, ते जळण्यासारखं नव्हतं. पुढे लेडी हेरिंगहॅम यांच्या अशाच नकलांच्या मोहिमेत चित्रकार नंदलाल बोस तिथे राहिले. सकाळी पोचून दुपारी जवळच्या फर्दापूरला जेवणाऱ्यांपैकी हे कुणी नव्हते.

वाशीम जिल्ह्यात असं मुक्काम ठोकण्याजोगं ठिकाण कोणतं, तर मानोरा तालुक्यातली पोहरादेवी. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचं मंदिर इथे आहे. बंजारा समाजाची ही काशी. रामनवमीला देशभरातले तांडे इथे लोटतात. 5 ऑक्टोबर 2024 रोजी इथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्‌घाटन झालं; इमारतीला आकार दिलाय नंगारा या वाद्याचा. संग्रहालयाने इतिहास एका छताखाली आणला, हे चांगलंच झालं. पण वेश अंगावर कसा वागतो, चालताना कसा वाजतो, ते बघायचं तर यात्रा गाठावी नाहीतर तांडा.

हा वेश आहे चालत्या माणसांचा. लमाणांचे, म्हणजे बंजाऱ्यांचेच, बैलांचे तांडे मीठ आणि धान्य घेऊन मैलोन्‌मैल चालत. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली आणि हा धंदा बसत गेला. तांडे माळावर स्थिरावले, पण कापडातला प्रवास टिकला. जुन्या फेटियाचा, म्हणजे घागऱ्याचा, घेर बघावा: लाल, पिवळ्या, काळ्या कापडांचे तुकडे जोडलेले, त्यावर कवड्या, नाणी, आरसे. समुद्र न दिसणाऱ्या मुलखात कवडी आली कुठून, या एका प्रश्नात व्यापाराचा अख्खा नकाशा आहे.

आरसा जवळून बघण्यासारखा असतो. त्याला भोक नसतं आणि डिंकाचं काम नाही. नखाएवढी काच कापडावर ठेवायची, तिच्यावरून दोरा आडवा-उभा ताणून चौकट करायची, मग तीवर तिरकी दुसरी चौकट. आता सुई या ताणलेल्या दोऱ्यांत अडकवत कडेकडेने गोल फिरवायची. प्रत्येक टाक्यासरशी चौकटी बाहेर ओढल्या जातात, मध्यावर काच उघडी पडते आणि कडेला दोऱ्याचं कोंदण तयार होतं. सैल पडलं तर काच निसटते, फार ओढलं तर कापड चुरगळतं. घागरीखालच्या चुंबळीलाही मागे पाठीवर रुळणारा कवड्यांचा पट्टा लावलेला असायचा. पाणी आणायच्या कामाला इतका थाट! डिझाइन शिकणाऱ्या मुलीने सुट्टीतली एक दुपार या दोऱ्याच्या ताणापाशी घालवली, तरी तिची वही भरेल.

हाच समाज दुसऱ्या डोळ्यांनीही पाहिला गेला. वऱ्हाडच्या पोलीस खात्यातल्या कंबर्लेज नावाच्या अधिकाऱ्याचं बंजाऱ्यांवरचं टिपण 1882 साली छापलं गेलं, आणि रसेलने जातीजमातींवरच्या आपल्या 1916च्या ग्रंथात त्याचा भरपूर उपयोग केला. माहिती पुष्कळ, नजर पोलिसाची. आजचा पर्यटक मोबाइल काढून म्हातारीला ‘जरा इकडे बघा’ म्हणतो, तेव्हा तीच नजर थोडी हसरी होऊन येते.

वेगळं वागलेला माणूस म्हणजे भास्कर कुलकर्णी. बिहारच्या 1966-67च्या दुष्काळात हस्तकलांच्या क्षेत्रात काम करणाऱ्या पुपुल जयकरांनी या चित्रकाराला मधुबनीकडे धाडलं. भिंती रंगवणाऱ्या बायकांपुढे त्यांनी कागद ठेवले आणि काढायचं काय ते त्यांच्यावर सोडलं. पुढे ते डहाणूच्या वारली पाड्यांत रमले. तिथले चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं नाव जगभर झालं, 2011 साली पद्मश्री मिळाली, त्यामागे या मुक्कामांचा वाटा आहे. कर्नाटकात संडूरच्या लंबाणी, म्हणजे बंजारा, भरतकामाला भौगोलिक मानांकन लाभलं. पोहरादेवीच्या परिसरात असं काही व्हायचं अजून बाकी आहे.

नाचगाण्यासाठी तांड्यावर होळीला जावं; लेंगी गाणी तेव्हाच रंगतात. मुलींच्या गाण्यांची भुलाबाई मात्र दिवाळीआधीच उठून जाते. भाद्रपद पौर्णिमेला बसते, कोजागिरीला जाते. पश्चिम महाराष्ट्राचा भोंडला हत्तीभोवती फिरतो, विदर्भात शंकर-पार्वतीचं मातीचं जोडपं मांडतात. गाण्यांइतकीच मजा खिरापतीची: झाकलेला डबा कानाशी हलवायचा आणि आत काय ते ओळखायचं. खडखडलं तर फुटाणे, थपथपलं तर शिरा. श्रोत्याला नेमकं किती कळू द्यायचं, याचं हे पहिलं शिक्षण.

बोलीसाठी फार फिरावं लागत नाही, एसटीत मागच्या बाकावर बसलं की पुरे. वाशीमच्या नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ला 1995चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, 2021 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्याच मुलखातली माणसं लिहायला त्यांना लांबचा प्रवास करावा लागला नाही. अमरावतीला शिकवणारे हिरालाल जैन मात्र याच जिल्ह्यातल्या कारंज्याच्या जैन भांडारांतल्या पोथ्यांमागे लागले, आणि त्यातून 1934 साली ‘करकंडचरिउ’ हे अपभ्रंश काव्य छापून निघालं. मराठीच्या पूर्वजांचा आवाज असा कारंज्याच्या कपाटांतून बाहेर आला. मूर्तिजापूरहून कारंज्यामार्गे यवतमाळला जाणारी ‘शकुंतला’ ही आगगाडी तेव्हा धावत होती. वाफेचं इंजिन तर 1994 पर्यंत होतं. आता त्या मार्गावर गाडी नाही. कारंज्याहून मानोऱ्याला रस्त्यानेच जायचं.

दिवाळीत हा रस्ता बघावा. सोयाबीन निघालेलं असतं, रानात तूर तेवढी उभी. अमावास्येला, तांड्याच्या बोलीत ‘काळी मास’, संध्याकाळी लग्न न झालेल्या मुली ठेवणीतले कपडे घालून दिवा घेऊन निघतात. घरोघर जाऊन थोरांना ‘मेरा’ मागतात, म्हणजे दिवाळीचं शुभ चिंततात. घरातली याडी, म्हणजे आई, दारात येते, कुणी हातावर पैसे ठेवतं. वारा असला तर पदराआड दिवा धरून मुली पुढच्या दाराकडे सरकतात, आणि आरशांत ती ज्योत पन्नास जागी हलते. जिचं लग्न उन्हाळ्यात ठरलंय तिचा हा शेवटचा मेरा. ती घोळक्यात सगळ्यांत मागे, सावकाश चालत असते.