परिक्रमेची पडशी

मंडळी, नर्मदेची परिक्रमा म्हणजे काय, हे तुम्हांला नव्याने सांगायला नको. अमरकंटकापासून भडोचजवळच्या समुद्रापर्यंत नदीची लांबी १,३१२ किलोमीटर. दोन्ही तीरांनी चालायचे, म्हणजे वाट दुपटीहून अधिक. जुनी मुदत तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस. आता बरेच जण काही महिन्यांत ती पुरी करतात. सदावर्तात शिधा मिळतो, धर्मशाळेत पाठ टेकायला जागा मिळते. तेव्हा माणूस अर्ध्यावरून परततो तो बहुधा उपाशी राहून नव्हे. पाय जातात, नाहीतर पोट बिघडते. पडशी भरायची ती या दोहोंच्या हिशेबाने.

नवे बूट घालून कधीही निघू नये. महिनाभर आधी तेच बूट घालून, तेच ओझे पाठीवर घेऊन रोज चालावे. ओझे सहा-सात किलो पुष्कळ झाले. निम्मे लोक नको ते घेतात आणि वाटेत वाटून टाकतात! फोड येतो तो ओल आणि घर्षण यांनी. म्हणून विसाव्याला मोजे काढून पाय वाळवावेत. कातडी एके जागी तापून लाल झाली, की तिथेच थांबून चिकटपट्टी लावावी. फोड आलाच, तर वरची कातडी सोलू नये. मधुमेही माणसाने रोज रात्री तळवे पाहावेत. त्याला रुतलेला काटा कळेलच असे नाही.

आता पाणी. पडशीत जुन्या सुती लुगड्याचा तुकडा जरूर ठेवा. पटकीचे जंतू पाण्यातल्या अगदी बारीक जीवांना चिकटून असतात, आणि घड्या घातलेल्या कापडात ते जीव अडकतात. बांगलादेशातल्या खेड्यांत असा प्रयोग झाला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्याने घटले. कापड जुनेच का? तर धुऊन धुऊन सुताचे तंतू सुटतात आणि भोके बारीक होतात. चार घड्या घालाव्या, आणि गाळून झाल्यावर कापड धुऊन उन्हात टाकावे. पण नुसत्या गाळण्यावर विसंबू नका. पुढे पाणी खळखळून मिनिटभर उकळावे.

इतके करूनही जुलाब लागले, तर लिटरभर उकळून निवलेल्या पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा. चमचा चहाचा, बरे का. मीठ वाढवू नये, ते अपाय करते. थोडे थोडे पाजत राहावे. १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोडा घातलेले पाणी लोकांना पाजवले. शेकडा तीसपर्यंत गेलेले मृत्यू चारांच्या आत आले. मात्र लघवी थांबली, ग्लानी आली किंवा शौचातून रक्त पडले, तर परिक्रमा बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

आणखी एक. विमलेश्वराहून मिठी तलाईला नावेने जावे लागते. नाव भरतीच्या वेळेवर सुटते, आणि वाटेत पिण्याचे पाणी कुठले मिळायला? बाटल्या विमलेश्वरालाच भरून घ्याव्यात.