‘शून्य’, ‘अदम’ आणि ‘खाली’ : दखनी पोथ्यांतील सृष्टिविचार

विजापूर, कलबुर्गी आणि कल्याणी (आजचें बसवकल्याण) या जुन्या विद्यास्थानांच्या टापूंत सोलापूर वसलें असल्यामुळें येथील संग्राहकास मराठी, कानडी व दखनी अशा तिन्ही भाषांतील अध्यात्मपर बाडांशीं परिचय असावा लागतो. अशा बाडांत पंचभूतें, पंचवीस गुण, शून्य इत्यादि शब्द दिसले कीं यादींत ‘वेदान्त’ असें लिहावें, आणि ‘अल्ला’ व ‘नूर’ हे शब्द आढळले कीं ‘मुसलमानी प्रकरण’ म्हणून तें बाजूस ठेवावें, असा मोह होतो. परंतु तसें केल्यास ज्या प्रश्नाच्या उत्तरासाठीं ग्रंथकारानें लेखणी उचलली तो प्रश्नच दृष्टीआड होतो. तो प्रश्न असा कीं, ही सृष्टि कांहीं पूर्वसिद्ध द्रव्यापासून झाली कीं मुळांत कांहींच नसतां झाली? इस्लामी पंडितांत या प्रश्नावर कित्येक शतकें वाद झाला आहे. त्याचें स्थूल स्वरूप सांगून त्याचा आपल्या प्रांतांतील पोथ्यांशीं असलेला संबंध दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

तंतु आणि पट हा शास्त्रांतील दृष्टांत मागांच्या या गांवांत कोणासही समजावून सांगावा लागत नाहीं. म्हणून तोच घेऊं. सांख्य म्हणतो, पट हा तंतूंत आधींच सूक्ष्मरूपानें आहे, हा सत्कार्यवाद. नैयायिक म्हणतो, पट पूर्वीं नव्हता, त्याचा प्रागभाव होता, तो नव्यानें उत्पन्न झाला, हा असत्कार्यवाद. परंतु नैयायिकासही तंतु हवेतच, आणि शेवटीं नित्य परमाणूंपर्यंत जावें लागतें. अबुल हसन अश्अरी याच्या परंपरेंतील ‘कलाम’ शास्त्राचे पंडित याच्याही पलीकडे जातात. पट नव्हता, तंतु नव्हते, कापूस नव्हता. केवळ ईश्वर होता आणि त्याच्या आज्ञेनें सर्व झालें, असें ते म्हणतात. हे पंडितही परमाणु मानतात; पण त्यांचे परमाणु नित्य नव्हेत, आणि त्यांवरील गुण दोन क्षणही टिकत नसून ईश्वर ते प्रतिक्षणीं नव्यानें निर्माण करितो. म्हणून या मताचें ‘असत्कार्यवाद’ असें भाषांतर करणें युक्त नाहीं. त्यांच्या ‘अदम’ या शब्दाचा अर्थ निखळ अभाव असा आहे. उलट, मुअतझिली पंथाच्या अनेक आचार्यांनीं अस्तित्वांत न आलेली वस्तुही एका अर्थीं ‘वस्तु’च होय असें प्रतिपादिलें, प्रतिपक्षास यांत सृष्टीच्या अनादित्वाची बीजें दिसलीं.

तत्त्वज्ञांचा पक्ष इब्न सीना (९८०–१०३७) यानें मांडला. दीप आणि प्रकाश यांत कालाचें अंतर नसतें, तरी प्रकाश दीपाधीनच असतो. तसें जगत् अनादि असूनही ईश्वराधीन आहे, असा त्या मताचा आशय सांगतां येईल. यावर गझाली (१०५८–११११) यानें १०९५ मध्यें ‘तहाफुत अल्-फलासिफा’ हा खंडनग्रंथ पुरा केला. त्यांतील वीस प्रकरणांपैकीं पहिलेंच जगाच्या अनादित्वाविरुद्ध आहे. जग अमुक क्षणींच कां निर्मिलें, आधीं कां नाहीं, या आक्षेपावर तो म्हणतो कीं, दोन सारख्या वस्तूंतून एक निवडणें हा इच्छेचा धर्मच होय. सारखेच दोन खजूर समोर असतां भुकेला मनुष्य उपाशी राहत नाहीं. शिवाय काल हाही निर्मितच आहे. जगाचें अनादित्व मानणें हें त्यानें धर्मबाह्य ठरविलेल्या तीन मतांपैकीं एक होय. म्हणजे हा केवळ शब्दच्छल नव्हता. इब्न रुश्द (११२६–११९८) यानें ‘तहाफुत अत्-तहाफुत’ लिहून प्रत्युत्तर दिलें. दुसऱ्या एका ग्रंथांत त्यानें दाखविलें कीं, कुराणांत सृष्टीपूर्वीं जलावरील सिंहासनाचा आणि आकाश धूमरूप असल्याचा उल्लेख आहे. तेव्हां शब्दार्थानेंही ‘अभावापासून उत्पत्ति’ निर्विवाद ठरत नाहीं.

तिसरा मार्ग इब्न अरबी (११६५–१२४०) याचा. पट विणण्यापूर्वीं त्याची नक्षी विणकराच्या मनांत असावी, तशीं सर्व वस्तूंचीं स्थिर रूपें ईश्वराच्या ज्ञानांत असतात, आणि सत्ता मात्र एका ईश्वराचीच. हें मत दख्खनेंत आलें, पण बिनविरोध नव्हे. फिरोजशहा बहामनीच्या काळांत कलबुर्ग्यास आलेले ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज (मृत्यु १४२२) हे त्याचे टीकाकार होते.

विजापूरच्या चिश्ती परंपरेंत शाह मीरांजी, त्यांचे पुत्र बुऱ्हाणुद्दीन जानम आणि पौत्र अमीनुद्दीन आला (मृत्यु १६७५) यांनीं दखनी भाषेंत लिहिलें. जानम यांचा ‘इर्शादनामा’ १५८२ चा आहे. या परंपरेचें वैशिष्ट्य असें कीं, अरबी-यूनानी शास्त्रांतील चार भूतांस तिनें ‘खाली’ हें पांचवें जोडलें, आणि प्रत्येकाचे पांच गुण धरून पंचवीस गुणांची मांडणी केली. आपल्या पंचीकरणांत प्रत्येक भूताचा अर्धा भाग स्वतःचा आणि उरलेल्या चार भूतांचा प्रत्येकीं अष्टमांश असतो. त्यांतूनच देहाच्या पंचवीस तत्त्वांचीं कोष्टकें मराठी प्रकरणांत येतात. दोहोंचें नातें उघड आहे. शहा मुंतोजी बामणी ऊर्फ मृत्युंजय यांच्या मराठी ‘पंचीकरणां’त तर सूफी व वेदान्ती परिभाषा शेजारीं शेजारीं येतात.

येथेंच सावध राहिलें पाहिजे. ‘खाली’ म्हणजे रिकामी जागा, आपलें आकाश. तें भूतांत मोजलें जातें, म्हणून तें ‘कांहींतरी’ आहे. ‘अदम’ मात्र भूतांत मोजतांच येत नाहीं. दोहोंस ‘शून्य’ हा एकच प्रतिशब्द दिला, तर आकाशाविषयीं लिहिणाऱ्या ग्रंथकाराच्या मुखीं अभावाचें मत घातलें जाईल, किंवा याच्या उलटही होईल. शब्दांचे अर्थ कसे पालटतात याचें दुसरें उदाहरण असें कीं, ‘वाजिबुल वुजूद’ व ‘मुम्किनुल वुजूद’ या इब्न सीनाच्या तर्कपरिभाषा विजापुरी लेखनांत साधकाच्या देहांचीं नांवें होऊन बसल्या आहेत.

तरी संग्राहकांस सुचवावेंसें वाटतें तें एवढेंच. यादी करितांना मूळ शब्द जसाच्या तसा उतरावा, त्यास प्रतिशब्द लावूं नये. भूतें चार कीं पांच हें नोंदावें. ‘शून्य’ हा शब्द कोणाच्या जोडीला आला आहे हें पाहावें. पृथ्वी-जलांच्या पंक्तींत असेल तर तें आकाश. ‘सृष्टि नव्हती तेव्हां’ अशा वाक्यांत असून ईश्वरावांचून दुसरें कांहींच मानलें नसेल तर तो अभाव. आणि नामरूपें प्रकट होण्यापूर्वींच्या ईश्वरी अवस्थेस लावला असेल तर तें अव्यक्त. पहिला ग्रंथकार देहाची घडण सांगत असतो, दुसरा अश्अरीच्या बाजूचा असतो, तिसरा इब्न अरबीच्या. बाडावरील शेऱ्यांत हा भेद आला, तर ग्रंथकारानें स्वतः कोणती बाजू घेतली होती हें पुढील अभ्यासकास कळेल. एरवीं त्याचें मत आपल्या हातून पुसलें जाईल.