संकेतस्थळ-रचनाकारांचे मेळावे आणि पेणची कारागीर-परंपरा

पेण हे गणेशमूर्तींचे गाव होय. येथील व तालुक्यातील हमरापूर, जोहे या गावांतील कारखाने शेजारी-शेजारी असल्यामुळे साचा, रंग आणि डोळ्यांची आखणी यांविषयीचे ज्ञान एका हातातून दुसऱ्या हाती सहज जाते. संकेतस्थळांच्या रचनाकारांना असा शेजार क्वचितच लाभतो; त्यांपैकी पुष्कळ जण घरी एकट्याने काम करतात. त्यांच्या मेळाव्यांचे प्रयोजन या उणिवेतूनच उद्भवते.

२००५ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे भरलेल्या 'बारकँप'ने अशा मेळाव्यांना एक घाट दिला : कार्यक्रम आधी न आखता उपस्थितांनीच विषय मांडावयाचे. पुढे ही पद्धती पुणे-मुंबईतही आली. तीमुळे यजमानाचे कार्य हलके होत नाही. जागा व वीज यांची सोय हा त्याचा बाह्य भाग. वक्ता-श्रोता हा भेद पुसून प्रत्येकाचे अडलेले काम पुढे आणवणे, हा खरा भाग होय.

पेणसारख्या ठिकाणी विषय मराठीच्या गरजांतून निघावेत, हे इष्ट. उदाहरणार्थ, 'आचार्यास' म्हणजे गुरूस, तर 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्यास. युनिकोड या संकेतप्रणालीत दुसऱ्या शब्दातील अर्धा र हा 'ऱ' या स्वतंत्र वर्णास हलन्त जोडून साधतो. फाँट सदोष असल्यास हा अर्थभेद पडद्यावर लोपतो. केवळ इंग्रजी मजकुरावर रचना तपासणाऱ्यास हा दोष दिसत नाही. चार मराठी वाचक एकत्र बसले म्हणजे तो तत्काळ ध्यानात येतो. कारखान्यांच्या शेजाराचा गुण मेळाव्यात उतरतो, तो असा.